सातवीने उचललेली पुरचुंडी

चार क्रमांकाची कोळ्याची मादी मंगळवारी सकाळी बिळाच्या तोंडाशी मरून पडलेली प्रबोधला दिसली. पोटामागे अंड्यांची पांढरी पुरचुंडी तशीच चिकटलेली होती.

हे लांडगा कोळी भर समुद्रातल्या एका निर्मनुष्य बेटावर जमिनीत बिळं करून राहतात. जगात दुसरीकडे कुठेच नाहीत. तिथे बाहेरून आलेलं गवत माजलं, बिळांना जागा उरेना, म्हणून नऊ कोळी सिंगापूरच्या या प्रयोगशाळेत आणले होते. बुकित पंजांग भागातल्या घरून रोज येऊन त्यांचं खाणंपिणं बघणं हे प्रबोधचं काम.

आईविना पुरचुंडी डबीत ठेवली की तिला बुरशी धरते, हे त्याने मागच्या वर्षी पाहिलं होतं. पण सात क्रमांकाच्या मादीकडेही पुरचुंडी होती. तिची नराशी गाठच पडली नव्हती, त्यामुळे तिच्या अंड्यांतून काही निघणार नव्हतं.

“बदलून बघू?” त्याने विभागप्रमुख साधना मॅडमना विचारलं.

“चिडून फोडून टाकेल ती.”

“नाहीतरी ही अंडी हातची गेलीच आहेत.”

“कर. पण सांभाळून.”

प्रबोधने चिमट्याने सातवीची पुरचुंडी सोडवली. ती चिमट्याला चावली, मग चाचपडत पेटीभर फिरली. त्याने चौथीची पुरचुंडी पुढ्यात ठेवली. सातवी तिच्यावरून सरळ चालत गेली आणि बिळात शिरली. तासभर वाट पाहून प्रबोध जेवायला गेला. परत येतो तो पुरचुंडी जागेवर नाही. त्याने टॉर्च मारला. सातवी ती पोटामागे चिकटवून तळाशी बसली होती.

“बट शी डझन्ट नो, लाह,” संध्याकाळी घरी त्याची मुलगी जाई तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली. “तिला वाटतं ती आपलीच आहे.”

“असेलही. पण आधी चांगली चाचपून घेतली असणार तिने.”

बाविसाव्या दिवशी पुरचुंडी उसवली. पिल्लं पायांवरून चढून सातवीच्या पाठीवर दाटीवाटीने बसली. त्रेसष्ट होती. प्रबोधने काढलेला फोटो दोनदा हलला.

त्यातली एकोणीस वाढली. बेटावर गवत उपटून मोकळ्या केलेल्या उतारावर ती सोडायला मॅडमनी प्रबोधलाच पाठवलं. त्याने एकेक डबी उघडली. कोळी क्षणभर थबकले आणि दगडांखाली गेले. या वेळी आपल्याला फार भरून येईल असं त्याला वाटलं होतं. तसं काही झालं नाही. वारा जोराचा होता. डब्या उडू नयेत म्हणून त्याने त्या घाईघाईने गोळा केल्या.