अठ्ठ्याहत्तर टक्के

आमदारसाहेबांच्या वार्तापत्राच्या शेवटच्या पानावर तुटक रेघांच्या चौकटीत एक प्रश्न असे आणि पुढच्या अंकाच्या पहिल्या पानावर त्याचं उत्तर असे. दोन्ही एकाच दिवशी छापून होत. छापखानेवाला दोन-दोन अंक एकदमच घ्यायचा, त्याला संपादकाचा काय इलाज? मतदारसंघातल्या घराघरांत प्रश्न पोचायचा, तेव्हा जनतेचं उत्तर संपर्क कार्यालयाच्या कोपऱ्यात खाकी कागदात बांधून, सुतळीने आवळून, निवांत पडलेलं असायचं.

संपादक म्हणजे एकटा माणूस. बातम्या तोच लिहायचा, प्रुफं तोच तपासायचा आणि वाचकांची पत्रंही तोच पाठवायचा. अकरा वर्षांत चौकट कापून फॉर्म पाठवण्याचा प्रकार दोनदाच घडला. एकाच्या मागे किराणा सामानाची यादी होती, दुसऱ्यावर कुणीतरी बऱ्यापैकी हत्ती काढला होता. मग आकडा कुठूनतरी आणावाच लागे. त्याचंही एक शास्त्र होतं. ऐंशी टक्के लिहिलं की लोकांना शंका येते. अठ्ठ्याहत्तर लिहिलं की कुणीतरी बसून मोजलंय असं वाटतं. साहेबांना जे हवं त्याला अठ्ठ्याहत्तर, उरलेल्याला बावीस. या शोधाचा संपादकाला थोडा अभिमानही होता.

या खेपेचा प्रश्न दवाखान्याचा होता. चौकातल्या सरकारी दवाखान्याची संध्याकाळची पाळी चालू ठेवावी, की ती बंद करून ती जागा अद्ययावत नागरिक सुविधा केंद्राला द्यावी? साहेबांना केंद्र हवं होतं. केंद्राला कोनशिला बसवता येते, दवाखान्याच्या संध्याकाळच्या पाळीला कोनशिला कुठे बसवणार? परवाच्या जाहीर बैठकीत साहेब नवा अंक उंच धरून जनतेचा कौल वाचून दाखवणार होते. गठ्ठे उद्या सकाळी वाटपाला निघायचे होते.

आणि आज दुपारी चार वाजता ताई आली.

ताई संपादकाची थोरली बहीण. आई लवकर गेली, तेव्हा हिनेच त्याला न्हाऊमाखू घातलं, अक्षर गिरवून घेतलं, निबंधात खोटं लिहिलं म्हणून एकदा कानही पिळला. आता तो छप्पन्न वर्षांचा होता, डोक्यावर औषधालाही केस उरला नव्हता, तरी ती त्याला ‘छोट्या’च म्हणायची.

“छोट्या, आधी पंखा मोठा कर,” म्हणत तिने बसायला जागा शोधली. खुर्चीवर फायलींचा ढीग होता. ती सरळ कोपऱ्यातल्या खाकी गठ्ठ्यांवर बसली.

“ताई, तिथे नको...”

“का? मोडणारेय का काही? कागदच आहेत ना?”

कागदच होते.

ताईने मांडीवरची कापडी पिशवी उचलून टेबलावर उपडी केली. तुटक रेघेवरून नीट कापलेल्या चौकटींचा ढीग टेबलभर पसरला.

“एकशे त्रेसष्ट. आमच्या चार इमारती आणि मागची गल्ली. तीन आठवडे गळ्यात पेन अडकवून फिरतेय. लोकांनी हसून घेतलं, ‘बाई, निवडणुकीला उभ्या आहात का?’ म्हणाले. पण भरून दिलं सगळ्यांनी. म्हटलं, माझा भाऊ स्वतः मोजतो, एकही वाया जायचा नाही.”

संपादकाने ढीग हातांनी आपल्याकडे ओढला. “ठेवून जा. मोजतो मी सावकाश.”

“सावकाश कशाला? मला बघायचंय तू मोजतोस कसा. आणि मी घरी परत जाणार ते आकडा घेऊनच. तुझे भावोजी वाट बघताहेत. दिवसभर गोदामावर उभं राहायचं आणि संध्याकाळी पायाची पट्टी बदलायला जायचं, हा त्यांचा चार महिन्यांचा नेम. संध्याकाळची पाळी गेली तर पट्टी काय मी करू? मला रक्त बघवत नाही, तुला ठाऊक आहे.”

मग दोघं मोजायला बसली. ताई एकेक फॉर्म वाचायची आणि संपादक कागदावर उभ्या रेघा ओढायचा. अकरा वर्षांत त्याने ओढलेली ही पहिली रेघ, त्यामुळे पाचवी आडवी मारायची असते याचीसुद्धा ताईनेच आठवण करून दिली.

“कसा विसरतोस रे? दरवेळी करतोस ना?”

“हो, म्हणजे... सवय गेली.”

एकाने लिहिलं होतं, ‘दवाखाना राहू द्या, पण कंपाउंडरला हसायला शिकवा.’ एका बाईने तीन वेळा खूण केली होती आणि खाली खुलासा केला होता की घरात माणसं तीन आहेत. अक्षरं थरथरती होती, गिचमिड होती, काही सुरेख होती. प्रत्येकाने नाव, पत्ता, फोन सगळं भरलं होतं. असं लोक फक्त जिथे उत्तर यायची खात्री असते तिथेच भरतात. दवाखान्याच्या बाजूने एकशे एक्कावन्न, केंद्राच्या बाजूने आठ. चौघांनी काहीच खूण न करता नुसत्या शुभेच्छा दिल्या होत्या.

तेवढ्यात साहेबांचा पीए डोकावला. ढीग बघून त्याचे डोळे विस्फारले.

“हे काय? खरे फॉर्म?” तो म्हणाला आणि लगेच सावरून हसला. “वा, वा! साहेबांना सांगतो.”

साहेब आतल्या खोलीतून स्वतः बाहेर आले. साहेब मनाने वाईट नव्हते. लोकांना भेटायला त्यांना मनापासून आवडे, लोकांचं ऐकायचं तेवढं राहून जाई. “एकशे त्रेसष्ट! ताई, अहो तुमच्यासारखी माणसं आहेत म्हणून आम्ही आहोत. संपादक, असं बघत काय बसलात? फोटो घ्या. पहिल्या पानावर. ‘जनमत पाहणीला उदंड प्रतिसाद.’”

ताई लाजली, पदर सारखा केला आणि फॉर्म ओंजळीत घेऊन साहेबांशेजारी उभी राहिली. फोटो काढायचं कामही संपादकाकडेच होतं.

“साहेब, मग दवाखाना राहील ना?” फोटो झाल्यावर तिने विचारलं.

“जनता म्हणेल तसंच होणार!” साहेब म्हणाले आणि आत गेले.

पीए मागे रेंगाळला. संपादकाच्या कानाशी येऊन हळूच म्हणाला, “बेस्ट झालं. फोटो वेगळा छापून घेऊ आणि उद्या अंकातच घालून वाटू. प्रतिसाद यांचा, टक्के आपले. तोंड उघडू नका म्हणजे झालं.”

तोंड न उघडणं हे संपादकाला अवघड नव्हतं. अकरा वर्षं तेच तर त्याने जपलं होतं. पण ताई पुन्हा गठ्ठ्यावर बसली होती, फॉर्म दहा-दहाचे लावून रबरबँड घालत होती आणि स्वतःशीच हसत होती. उद्या तिचा हसरा चेहरा अठ्ठ्याहत्तर टक्क्यांच्या शेजारी घरोघरी जाणार होता. तिने ज्या ज्या दारात जाऊन शब्द दिला, त्या प्रत्येक दारात.

“ताई, ऊठ जरा,” तो म्हणाला.

ती उठली. त्याने सुतळी कापली, खाकी कागद फाडला आणि वरचा अंक काढून तिच्या हातात दिला. ताईने तो हात लांब करून धरला. चष्मा घरी विसरला होता, पण मथळा जाड ठशात होता. ‘सुविधा केंद्राच्या बाजूने ७८ टक्के नागरिकांचा कौल.’

“हे कधी छापलं?”

“तीन आठवडे झाले.”

“आणि फॉर्म आमच्याकडे आला कधी?”

“त्याच आठवड्यात.”

“म्हणजे मी जिने चढत होते तेव्हा...”

“छापून झालं होतं.”

संपादकाला वाटलं, हिने आता कान पिळावा. पण ती अंकाकडेच बघत राहिली.

“अठ्ठ्याहत्तर कुठून आणलेस रे?”

यावर काहीतरी बरं उत्तर असायला हवं होतं. त्याने शोधून पाहिलं. “आकडा बरा दिसतो म्हणून,” तो म्हणाला. हे बोलताना त्याला स्वतःचाच आवाज इतका ओंगळ वाटला की तो उगाच पंख्याचं बटण बघू लागला.

“आणि मागचे?”

“तेही.”

“सगळे?”

“सगळे.”

ताई हळूहळू खाली बसली. “मी फॉर्म कधी भरला नाही, पण तुझा अंक आला की मनातल्या मनात खूण करायचे. आणि पुढच्या अंकात बघावं तर दरवेळी मी त्या बावीसांत. बसथांब्याचं झालं तेव्हा, बागेचं झालं तेव्हा, शाळेच्या वेळेचं झालं तेव्हा. भावोजी म्हणायचे, तुझं डोकंच जगावेगळं. मलाही तसंच वाटायला लागलं होतं. चारचौघांत बोलायचं सोडलं होतं मी, छोट्या. म्हणून म्हटलं, या वेळी घरोघरी जाऊन बघू तरी, माझ्यासारखी आणखी कितीजणं आहेत ती.”

संपादकाने आयुष्यभर टोमणे मारले होते आणि खाल्लेही होते. हा टोमणा नव्हता, म्हणून तो परतवता आला नाही. बहिणीने ज्याला अक्षर शिकवलं, त्याने त्याच अक्षरात तिला अकरा वर्षं वेडं ठरवलं होतं.

“मी साहेबांशी बोलतो,” तो म्हणाला.

“काय बोलशील? साहेबांना ठाऊक नाही होय?” ती उठली आणि फॉर्म पिशवीत भरू लागली. “बैठक परवा आहे, सगळ्यांना खुली आहे ना? मग ज्याचा फॉर्म त्याच्या हातात परत देऊ. ज्याचा त्याने घेऊन यावा आणि साहेबांसमोर धरावा. टक्के त्यांनाच मोजू देत.”

“बरं. मी तुला इमारतीपर्यंत सोडतो.”

“सोडतो काय? फॉर्म मी गोळा केले. परत तू द्यायचेस. आणि का परत देतोयस ते सांगायचं, तुझ्या तोंडाने.”

“ताई, माझी नोकरी जाईल.”

“जाईल,” ताई म्हणाली. तिला याचं वाईट वाटलं हे दिसत होतं. पण तिने पिशवी त्याच्याच हातात दिली.

पहिल्या इमारतीच्या पहिल्या दारात एक शिंपी राहायचा. गळ्यात टेप तसाच ठेवून बाहेर आला. ताई एवढंच म्हणाली, “हा माझा भाऊ. याला काही सांगायचंय,” आणि बाजूला सरकून भिंतीला टेकली.

“तुमचा अंक वाचतो मी,” शिंपी आनंदाने म्हणाला. “आमचं मोजून झालं का?”

संपादकाने सांगितलं. नीट सांगता आलं नाही. अर्ध्यात छापखानेवाल्याला मध्ये आणलं, तेव्हा भिंतीपाशी ताई खाकरली. मग त्याने छापखानेवाल्याला पुन्हा बाहेर काढलं. शिंप्याचा चेहरा उतरत गेला. त्याने आपला फॉर्म घेतला, घडी घालून खिशात ठेवला आणि दार लावून घेतलं. शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

समोरच्या दारात एक आजोबा होते. त्यांना कमी ऐकू यायचं.

“हा माझा भाऊ. याला काही सांगायचंय.”

“काय म्हणतोय?”

“मी आकडे खोटे लिहिले,” संपादक पुटपुटला.

“मोठ्याने बोला!”

“मी आकडे खोटे लिहिले! तुमचे फॉर्म यायच्या आधीच छापून टाकलं होतं!”

जिन्यात आवाज घुमला. वर कुठेतरी कडी निघाली, मग आणखी एक. कठड्यावरून दोन-तीन चेहरे वाकून बघू लागले. आजोबांना फॉर्म देऊन त्याने वर पाहिलं आणि एक आशा त्याला शिवून गेली.

“ताई, वरच्यांनी ऐकलंच की सगळं. त्यांचे फॉर्म नुसते दिले तर...”

“ऐकलं ते जिन्यातून ऐकलं,” ताई म्हणाली. गुडघ्यावर हात ठेवून तिने पहिली पायरी चढायला घेतली होती. “दारात जाऊन सांग. मी प्रत्येकाच्या दारात गेले होते.”

त्याने पिशवी दुसऱ्या हातात घेतली आणि तिच्या मागोमाग, तिच्याच संथ चालीने, तो वर चढू लागला.