शेपूट नसलेलं वाक्य

"यू लुक नाइसली," भाऊसो म्हणाले.

"आबा, नाइस. ती 'ली' काढा," नात पूजा म्हणाली. "काल सांगितलं ना? काम करायचं असलं की शेपूट लावायचं. ईट स्लोली, वॉक स्लोली. दिसणं, वास, चव, हे काम नव्हे. तिथं शेपूट नाही. लुक नाइस. टेस्ट्स गुड."

"दिसायला काय कमी कष्ट पडत्यात व्हय? तुजी आई तासभर आरशाम्होरं असती."

भाऊसोंचा शेजारी गुंडा ओट्यावर तंबाखू मळत होता. "भाऊसो, नातसुनेचं नाव काय म्हणलास?"

"एमिली."

"मग नावालाच शेपूट हाय की रं. आनखी कशाला लावतुयास?"

भाऊसोंचा जन्म कुपवाडच्या कारखान्यात पंप दुरुस्त करण्यात गेला. सही करायला शिकले तीही चाळिशीनंतर. पण कॅनडातला नातू वीरधवल आज गोऱ्या बायकोला पहिल्यांदाच आष्ट्याला आणत होता. घरच्या थोरल्यानं तिच्याशी एक तरी वाक्य धड बोलावं, नातवाची मान खाली जाऊ नये, एवढंच त्यांच्या मनात होतं. त्यांची बायको शालूबाई असती, तर तिनं खाणाखुणांवर निभावून नेलं असतं. तिला जाऊन दोन वर्षं झाली. तेव्हापासून भाऊसो ताटावर बसत आणि चार घास खाऊन गुमान उठत.

गाडी आली. एमिली पाया पडली, आणि भाऊसोंच्या डोक्यातून लुकही गेलं नि नाइसही.

"थँक्यू," ते म्हणाले.

"शेपूट न्हाई आन् धडबी न्हाई," गुंडा पुटपुटला.

दुपारी ताटं वाढली तरी भाऊसो ओट्यावर वाक्य घोकत बसले होते. एवढ्यात एमिली स्वयंपाकघराच्या दारात आली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "आवं, ऐकलं का? गार हुतंय. जेवून घ्या की."

बायकांनी तोंडाला पदर लावले. गुंडाला ठसका लागला. अशी हाक बायको नवऱ्याला मारते, हे पूजानं इंग्रजीत समजावलं तेव्हा एमिली कानापर्यंत लाल झाली.

"आज्जी फोनवर बोलणं रेकॉर्ड करून पाठवायची, ते मी जपून ठेवलंय," वीरधवल ओशाळून म्हणाला. "तेच ऐकून ही मराठी शिकली. आज्जी माझ्याशी बोलता बोलता मधेच तुम्हाला जेवायला हाक मारायची ना, आबा."

भाऊसो ओट्यावरून उठले. हात धुऊन पाटावर बसले.

"आजोबा, जेवून घ्या," एमिली या खेपेला जपून म्हणाली.

"तसं नगं. मगाशी म्हणलीस तसं म्हण."

पूजानं सांगितल्यावर तिनं पुन्हा तीच हाक मारली. भाऊसोंनी भाकरी आमटीत कुस्करली, घास घेतला.

"टेस्ट्स गुड," ते म्हणाले.

शेपूट नव्हतं, पण ते कुणाच्या ध्यानात आलं नाही. त्यांच्याही नाही. ते रिकामी वाटी पुढं धरून बसले होते.