वळून बघणं

घुंगरू पितळेचं होतं, जुनं, काळवंडलेलं, आणि त्याच्या फटीत कधीचा तरी वाळलेला चिखल अडकून बसला होता… तरीही वाजत होतं. मंजुषाने नखाने चिखल कोरायला घेतला, आणि हे आपण कशाला करतोय असं वाटून थांबली. आत्ताच तर तिने ते कुत्र्याच्या गळ्यातून सोडून काढलं होतं. बहिऱ्या कुत्र्याच्या गळ्यात घुंगरू! आणि बांधणारी कोण, तर सासू, बायनाबाई, जिच्या उशाशी ढोल बडवला तरी कूस बदलायची नाही. घरी बैल होते तेव्हाचं हे घुंगरू त्यांनी कुठल्या डब्यातून शोधून काढलं, कोण जाणे.

“काऊन बांधलं हे?” मंजुषाने त्यांच्या कानाशी ओरडून विचारलं होतं. “अवो, त्याच्यासाठी नाई…” असं काहीतरी त्या सांगू लागल्या, पण तोवर ती वळलीही होती. त्यांचं बोलणं तसंही लांबतं. समोरच्याने मध्ये ‘हं’ म्हटलेलं ऐकू येत नाही, म्हणून पुन्हा पहिल्यापासून सुरू. दिवसभर शाळेत पोरांशी ओरडून आल्यावर घरी पुन्हा ओरडायचं, हे कुणी करून बघावं म्हणजे कळेल. कानाचं मशीनही आणून दिलं होतं अश्वजितने, आईसाठी. कानात शिट्ट्या वाजतात म्हणून ते खोक्यात गेलं, आणि अश्वजित अहेरीला, त्याच्या नोकरीवर, निघून गेला.

घुंगरू तिने फळीवर ठेवून दिलं.

चुन्या पायरीपाशी झोपला होता. चुन्यासारखा पांढरा म्हणून चुन्या. नाव ठेवलं ते माणसांच्या सोयीसाठी, त्याला त्याचा काय उपयोग! मूल गावाच्या रस्त्यावर ट्रकवाला हॉर्न वाजवून वाजवून थकला आणि हा मधोमध बसून शांतपणे अंग चाटत होता म्हणे. त्याच ट्रकच्या धक्क्याने मोडलेला पाय जुळल्यावर कुलदीप त्याला इथे सोडून गेला. कुलदीप म्हणजे चंद्रपूरला अशी जखमी कुत्री सांभाळणाऱ्यांपैकी एक. “पिंजऱ्यात हा भिंतीकडे तोंड करून बसून राह्यते, ताई. घरात ठेवा थोडे दिवस. याले एकच गोष्ट शिकवाची, वळून पाहाचं. पाहाले लागला का जगला समजा.”

उद्या तोच कुलदीप गाडी घेऊन येणार होता. नागपूरचं एक जोडपं चुन्याला कायमचं घरी न्यायला तयार होतं; फक्त तो मोकळा असताना खुणेवर येतो, एवढा व्हिडिओ त्यांना आज हवा होता. नाही आला, तर पुन्हा पिंजरा. आणि इथेच ठेवून घेणं… तो विचार मंजुषाने किती वेळा केला आणि किती वेळा झटकला. घरामागे धानाचे बांध, बांधांपलीकडे जंगल. या पावसाळ्यात बिबट्याने गल्लीतली चांगली तिखट कानांची कुत्रीसुद्धा उचलून नेली. हा तर झोपेतच जाईल.

तिने तळहात त्याच्या नाकाजवळ नेला. मागून हात लावायचा नाही, दचकतो. आधी वास जाऊ द्यायचा, मग खांद्याला एक बोट. चुन्याने डोळे उघडले, आणि त्या डोळ्यांत ती आली. रोज हेच व्हायचं, तरी रोज नवं वाटायचं. असं कुणी बघितलं होतं तिच्याकडे? अश्वजित सुट्टीत घरी आला तरी मोबाइलमध्ये. पोरं फळ्याकडे. हा मात्र माझ्या हातांकडे बघतो, तोंडाकडे बघतो, मी काय म्हणणार आहे याची वाट बघत राहतो… छातीवर तळहात म्हणजे ये. अंगठा वर म्हणजे शाब्बास. अंधार पडला की अंगणातला दिवा उघडझाप, म्हणजे घरात चल. पहिल्यांदा तो दिव्यावर धावत आला तेव्हा ती रडली होती, एकटीच, न्हाणीत जाऊन.

आज सकाळी मात्र तो मान वर करायला तयार नव्हता. कुंपणाशी काहीतरी हुंगत बसला होता आणि मंजुषा छातीवर हात ठेवून उभी. पडवीत बायनाबाई तांदूळ पाखडत होत्या. त्यांनी सूप बाजूला ठेवलं, गुडघ्यावर हात टेकून उठल्या, पायरी उतरल्या आणि तिच्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. चेहरा केवढा उजळला होता त्यांचा!

“काय वो?”

“तुमाले नाई, आई! कुत्र्याले!”

इतक्या मोठ्याने, की शेजारचे लटारूभाऊ म्हशी सोडता सोडता थांबून बघू लागले. बायनाबाई ‘हो का’ असं म्हणून परत गेल्या. सूप पुन्हा घेतलं. त्यानंतर दुपारी कधीतरी ते घुंगरू शोधायला उठल्या असाव्यात… पण हे मंजुषाच्या मनात आलं ते संध्याकाळी. तेव्हा नाही.

उन्हं उतरू लागल्यावर तिने मोबाइल तांब्याला टेकवून उभा केला. चुन्याची दोरी काढली. गुरासारखा बांधलेला दिसतो, नागपूरचे लोक काय म्हणतील. चुन्याला अंगणाच्या टोकाला जाऊ दिलं, आणि त्याने वळून बघितल्याबरोबर छातीवर हात ठेवला. आणि तो आला! कान उडवत, तिरपं धावत, थेट तिच्या पायांवर येऊन आदळला. अंगठा वर, कितीतरी वेळ वर. तिने धावत जाऊन व्हिडिओ बघितला.

सगळं छान आलं होतं. फक्त मागे, पडवीत, बायनाबाई दिसत होत्या. मंजुषाचा हात छातीवर गेला तशा त्या अर्ध्या उठल्या होत्या. मग काहीतरी आठवून, पदर सावरत पुन्हा खाली बसल्या. एवढंच, पण स्वच्छ दिसत होतं.

मंजुषाला राग आला. कुणाचा, ते तिला सांगता आलं नसतं. असा व्हिडिओ कसा पाठवायचा? तिने तो पुसून टाकला आणि चुन्याला घेऊन घरामागे गेली, बांधावर, जिथे मागे कुणी नसेल.

धान कमरेइतकं वाढलेलं, पिवळं पडत आलेलं. चुन्या पुढे गेला, आणखी थोडा पुढे. ती म्हणत होती, आता वळेल… आता. आणि बांधाखालून ससा उठला. धानात एक रेघ उमटली, तिच्यामागे दुसरी, पांढरी शेपटी एकदाच वर दिसली आणि मग धान मिटलं.

“चुन्या!” ती ओरडली. ओरडली! इतके दिवस त्याला शिकवणारी बाई, आणि ऐन वेळी हाका मारते. हादरा तरी कळेल म्हणून टाच आपटली, पण बांधाची माती ओली होती, टाच नुसती रुतली. मग ती हात वर करून उभी राहिली, खुणा करत, ज्याच्यासाठी करायच्या तो कुठल्या बाजूला आहे हेसुद्धा ठाऊक नसताना.

म्हशी घेऊन परतणारे लटारूभाऊ तिला तशी बघून थांबले. “इकडं नाई दिसला, बाई. अन् नाल्याकडं नोका जाऊ आता. त्याचं येणंजाणं हाय तिकडं.” त्याचं म्हणजे कुणाचं, ते इथे दिवेलागणीला कुणी बोलत नाही. मंजुषा तरीही बांधाच्या टोकापर्यंत गेली. धान वाऱ्याने हलत होतं, सगळीकडे सारखंच. एवढ्या धानात कुठेतरी ते हलणं वाऱ्याचं नव्हतं, आणि ते ओळखायला तिच्याजवळ काहीच नव्हतं.

ती अंगणात आली तेव्हा आत मेणबत्ती लागली होती. बायनाबाई बुद्धवंदना म्हणत होत्या, खणखणीत, आणि स्वतःला ऐकू येत नसल्यामुळे सूर कधीचा भलतीकडे निघून गेलेला. बंद करा ना, मला ऐकू द्या! ती मनात ओरडली. मग वंदना संपली, आणि ऐकायला काहीच नव्हतं. रातकिडे. लांब कुठेतरी पंपाची घरघर. तिने खांबावरच्या बटणावर बोट ठेवलं. दिवा गेला, आला. गेला, आला. धानापर्यंत उजेड जात होता आणि रिकामाच परत येत होता.

“मले बोलावलं काय वो?”

बायनाबाई दारात उभ्या होत्या. हलणारा उजेड बघून आल्या होत्या. मंजुषाने नुसतं धानाकडे बोट दाखवलं. त्यांनी रिकामी दोरी बघितली, अंगण बघितलं, आणि त्यांना सगळं कळलं. फळीवरून घुंगरू आणून त्यांनी ते तिच्या तळहातावर ठेवलं.

“घंटी असती तं समजलं असतं तुले, कुठी हाय तं. गाईच्या गळ्यात बांधतो का नाई आपण, रानात पाठवतानी? गाईसाठी कुठी बांधतो? मले नाई आयकू येत, त्याले नाई येत. पण तुले तं येते ना वो…”

दोघांना नाही, म्हणून माझ्यासाठी. घरात एकच ऐकणारी, आणि तिने त्यांचं वाक्य तेवढं ऐकून घेतलं नव्हतं. मंजुषाला लाज वाटली, इतकी की धानाकडे बघवेना. तिने मूठ मिटली. घुंगरू आत एकदा वाजलं, ते फक्त तिलाच ऐकू आलं.

ती वळली. बायनाबाई तिच्याकडे बघत होत्या. तिच्या तोंडाकडे, मग हातांकडे, मग पुन्हा तोंडाकडे, ती काय म्हणणार आहे याची वाट बघत. आजच नाही, त्या रोजच तशा बघत असणार, पडवीतून, सुपाआडून… तिने हात उचलला. छातीवर तळहात, अंगठा वर, दिव्याची उघडझाप, सगळ्या खुणा कुत्र्याच्या होत्या. या बाईसाठी तिच्या हाताला एकही खूण येत नव्हती. हात तसाच मध्येच राहिला आणि मागे धान हलत राहिलं.