सवत परत यावी म्हणून

लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात सासूबाईंनी तिला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "मुलगा गुणी आहे आमचा. फक्त मॅचच्या दिवशी तो घरात आहे असं धरून चालू नकोस."

सासूबाई खरं तेच बोलल्या होत्या. एरवी तो लिफ्ट दुरुस्त करायचा, वेळेवर घरी यायचा, भांडीसुद्धा घासायचा. पण शहराच्या हॉकी संघाची मॅच असली की निळा शर्ट चढवून सकाळीच पसार! संध्याकाळी घसा बसवून यायचा. ती औषधांच्या दुकानात काम करायची, त्यामुळे घशाच्या गोळ्या घरात कायम असत. मैत्रिणींना ती सांगायची, "सासू चांगली मिळाली गं, पण सोबत सवतही मिळाली. हॉकी."

मग एका वर्षी मालकाने संघ उचलला आणि दुसऱ्या शहरात नेला. तिथलं स्टेडियम मोठं होतं, इथलं मैदान खराब झालं होतं. बातमी ऐकून ती मनातल्या मनात खूश झाली. आता सुट्टीचे दिवस आपले.

सुट्टीचे दिवस तिला मिळाले, नवरा मात्र मिळाला नाही. तो घरात असायचा, पण खिडकीशी बसून. काही विचारलं की "हं" म्हणायचा. बाहेर जाऊ या म्हटलं तर चपला घालायचा, फिरून आला की काढायचा. भांडायचासुद्धा नाही. सासूबाई म्हणाल्या, "याच्यापेक्षा ओरडत होता ते बरं होतं."

वर्षं अशीच गेली. एक दिवस दुकानात दातांच्या डॉक्टरीणबाई आल्या. मॅचला स्टँडमध्ये त्या नेहमी तिच्या नवऱ्याच्या शेजारी बसायच्या. त्या म्हणाल्या, "वहिनी, आम्ही काही जण पुन्हा जमतोय. संघ परत आणायचा प्रयत्न करायचाय. त्यांना पाठवा ना."

तिने घरी येऊन सांगितलं. तो म्हणाला, "काही होणार नाही."

"नाही झालं तर नाही. चला तरी. मीही येते."

तो तिच्याकडे बघतच राहिला. ती आणि हॉकीची मीटिंग!

मीटिंग ड्रायव्हिंग स्कूलच्या वर्गात होती, भिंतीवर रस्त्याच्या खुणांचे तक्ते. स्कूलच्या मास्तरांना सगळे गिअरकाका म्हणत. संघाचा जुना गोलकीपरही आला होता. एके काळी त्याला 'भिंत' म्हणत, आता तो गाद्या विकायचा. प्रत्येक जण आधी जुन्या मॅचेस उगाळत बसला. शेवटी तीच वैतागून म्हणाली, "ते सगळं झालं हो. पण त्यांना परत यायला अडचण काय आहे, ते कुणी विचारलंय का?"

कुणीच विचारलं नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी तिथूनच संघाच्या व्यवस्थापक बाईंना फोन लावला. त्यांनी सरळ सांगितलं, "मैदान नीट असेल तर काही मॅच तिथे खेळायचा विचार करू. पण आधी मी येऊन बघणार."

पालिकेने स्टेडियमच्या किल्ल्या दिल्या आणि फाटलेलं कृत्रिम गवत बदलायचं कबूल केलं. बाकीचं या मंडळींनी अंगावर घेतलं. सुट्टी आली की सगळे हजर. 'भिंत'ने तुटलेली बाकं ठोकली. गिअरकाकांनी मैदानावरच्या रेघा रंगवायला घेतल्या; त्यांचा हात लागलेली प्रत्येक रेघ वाकडी, पण सांगणार कोण? तिचा नवरा पाण्याच्या पंपाला भिडला. हॉकीआधी मैदान भिजवावं लागतं, आणि तो पंप केव्हाचा गंजून बसला होता. पंप सुरू झाला त्या दिवशी तो चिंब भिजून घरी आला आणि दारातूनच ओरडला, "आई, पाणी चाललं!" सासूबाईंनी डोळ्यांना पदर लावला.

व्यवस्थापक बाई ठरल्या वेळेच्या बऱ्याच आधी आल्या. तेव्हा मैदानावर ती एकटीच होती, कडेचं शेवाळ घासत. बाकीचे चहाला गेले होते.

बाईंनी विचारलं, "तुम्ही जुन्या चाहत्या का?"

थाप मारावी असं क्षणभर तिच्या मनात आलं. पण तिला ते जमत नव्हतं. "नाही हो ताई. मला हॉकीतलं ओ की ठो कळत नाही."

"मग हे घासताय कशासाठी?"

"तुमचा संघ गेल्यापासून आमच्या घरात कुणी मोठ्याने बोलत नाही," ती म्हणाली. "इथे यायला लागल्यापासून माझा नवरा जरा बोलतो. तुम्ही नाही आलात तरी एवढं मिळालंय. आलात तर फार बरं होईल."

बाई हसल्या नाहीत. त्यांनी मैदानाला पूर्ण फेरी मारली, गवत दाबून पाहिलं, पंप चालवून घेतला. जाताना त्या म्हणाल्या, "बाकं मजबूत आहेत. रेघा मात्र पुन्हा मारून घ्या."

निरोप आला तो अर्धाच आनंदाचा. संघ कायमचा परत येणार नव्हता. पण पुढच्या मोसमातल्या काही मॅच इथे होणार होत्या. गिअरकाका हिरमुसले, "म्हणजे पाहुण्यासारखे येणार."

तिचा नवरा म्हणाला, "येऊ देत ना काका! आपल्या दारात येताहेत, हे काय कमी आहे?"

पहिल्या मॅचला तीही गेली, सासूबाईंनाही नेलं. तिने टाळ्या भलत्याच वेळी वाजवल्या, आणि पुढची रांग वळून बघू लागली. सासूबाईंनी पंचाला असं काही सुनावलं की डॉक्टरीणबाईंना हसू आवरेना. शेवटच्या मिनिटाला आपल्या संघाचा पेनल्टी कॉर्नर हुकला आणि मॅच बरोबरीत सुटली. खेळाडू कठड्यापाशी आले आणि कप्तानाने 'भिंत'ला ओळखून वाकून नमस्कार केला. एवढा धिप्पाड माणूस, लहान मुलासारखा रडला.

तिचा नवरा सगळ्यांचे आभार मानत सुटला. व्यवस्थापक बाईंचे, पंचांचे, फाटकावरच्या रखवालदाराचेसुद्धा. मग तिच्यापाशी येऊन उभा राहिला.

"अगं," एवढंच म्हणून त्याने तिच्या खांद्यावरची पिशवी स्वतःकडे घेतली.

"राहू दे हो," ती म्हणाली, पण पिशवी तिने परत मागितली नाही. सासूबाईंना मध्ये घेऊन तिघं गर्दीबरोबर बाहेर पडली. ज्याच्या त्याच्या तोंडी तो हुकलेला पेनल्टी कॉर्नर होता. आज प्रथमच तिलाही त्यावर काहीतरी म्हणायचं होतं.