तिसरं वजन

मुकादम त्या शुक्रवारी टेबलावर चढला नाही, तिथून सगळं सुरू झालं.

मुकादम म्हणजे बोका. पांढरं अंग, डोक्यावर काळी टोपी घातल्यासारखा डाग, आणि चाल अशी की गल्लीची हजेरी जणू ह्यालाच घ्यायची आहे. नाव काटेवाल्यांच्या बायकोने ठेवलं होतं. काटेवाले म्हणजे वजनकाटे दुरुस्त करणारे. त्यांचं खरं नाव आता विजेच्या बिलावरच उरलं होतं. पुढच्या खोलीत कारखाना, मागच्या खोलीत संसार. बायकोला जाऊन चौदा महिने झाले होते. उरले होते ते आणि मुकादम.

आठ वर्षांचा परिपाठ होता. सकाळी नऊला काटेवाल्यांनी शटर वर ढकललं की मुकादम स्टुलावर, स्टुलावरून टेबलावर, आणि टेबलावरून थेट मोठ्या काट्याच्या पारड्यात. तिथे तो पाय पोटाशी घेऊन बसायचा. बायको चहा घेऊन आली की आधी काट्याकडे बघायची आणि जाहीर करायची, "मुकादम पाच किलोला टेकले हो!" ती गेल्यावरही मुकादम पारड्यात बसत राहिला, पण आकडा वाचणारं कुणी राहिलं नाही. काटेवाल्यांनीही त्या बाजूला बघायचं सोडलं होतं.

त्या शुक्रवारी त्याने पुढचे दोन पाय स्टुलावर टेकवले, वर पाहिलं, जरा विचार केला, आणि पाय खाली घेतले. मग टेबलाखाली जाऊन भिंतीकडे तोंड करून बसला.

"काय रे, संप आहे का?" काटेवाले म्हणाले.

मुकादमाने कान हलवला, मान नाही.

त्यांनी त्याला उचलून पारड्यात ठेवलं. तीन किलो नऊशे वीस. त्यांचा विश्वास बसेना, म्हणून त्यांनी आधी मांजराला सोडून काट्यालाच धरलं. तपासणीची वजनं मखमलीच्या पेटीतून काढली, एकेक ठेवून बघितली. काटा सुईसारखा सरळ. मुकादम परत पारड्यात. तीन नऊशे वीस. बायकोने शेवटी वाचलेला आकडा पाच किलो दोनशे होता, तो त्यांना पाठ होता.

काटेवाले वाटीकडे गेले. रात्री भरलेली वाटी चाटून पुसून लख्ख होती.

"म्हणजे खातोयस तर," ते म्हणाले. "मग जातंय कुठे?"

हा प्रश्न त्यांना आवडला. कितीतरी महिन्यांनी एखादी गोष्ट त्यांना खरोखर जाणून घ्यावीशी वाटली होती.

दुपारी मेहुणी आली. वरच्या मजल्यावर राहायची, कपडे शिवायची. हातात काटेवाल्यांची विजार होती, कंबर आत घेतलेली.

"ही दुसरी वेळ हं भाऊजी. आता तिसऱ्यांदा आत घ्यायला कापडच शिल्लक नाही. पुढच्या वेळी दोरीच बांधा." मग तिचं लक्ष टेबलाखाली गेलं. "ह्याला काय झालं? तोंड का पाडून बसलाय?"

काटेवाल्यांनी आकडे सांगितले.

"सव्वा किलो कमी? अहो, डॉक्टरकडे न्या त्याला!"

"खातोय तो. वाटी रिकामी आहे."

"खातोय तर वाळला कसा?"

"तेच बघायचंय. आज पहिलं वजन झालं. उद्या दुसरं, परवा तिसरं. तीन वजनं झाली की सोमवारी नेतो."

हा त्यांचा धंद्याचा नियम होता. काटा एका दिवसात खोटा ठरवायचा नाही. एकदा उन्हाने फरक पडतो, एकदा वाऱ्याने, एकदा आपल्याच हाताच्या घाईने. तीन दिवस, एकाच वेळी, तीन वजनं. मग निकाल. ह्या नियमामुळे चाळीस वर्षांत त्यांनी एकही चांगला काटा उगाच उघडला नव्हता.

"तो बोका आहे भाऊजी, काटा नाही."

"बोक्यालाही वजन असतं."

"तुमच्याशी बोलणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी," मेहुणी म्हणाली, पण गेली नाही. वाकून मुकादमाच्या पाठीवरून हात फिरवला. कण्याचे मणी हाताला लागले. "ताईनं ह्याला कसा लोण्याच्या गोळ्यासारखा ठेवला होता."

काटेवाल्यांनी विजारीची घडी घातली. मग ती मोडून परत घातली.

त्यांनी वाटीत मांजराच्या खाण्याचे साठ ग्रॅम कोरडे दाणे मोजून टाकले. दुपारी चारला पाहिलं तर वाटी रिकामी. पुन्हा साठ. संध्याकाळी रिकामी. एकशेवीस ग्रॅम! एवढं खाणारा बोका फुगायला हवा. त्यांनी मुकादमाचे डोळे बघितले, पोट चाचपलं. मुकादमाने एवढंही कधी चालवून घेतलं नसतं, पण आता मुकाट पडून राहिला. फक्त हात गालाजवळ गेला तसा फिस्सकन अंगावर आला.

"बरं बाबा, गालाला नाही लावत," काटेवाले म्हणाले, आणि ती गोष्ट तिथेच सोडून दिली. त्यांचं सगळं लक्ष वाटीकडे होतं.

शनिवारी सकाळी नऊला दुसरं वजन झालं. तीन किलो आठशे ऐंशी. वाटी मात्र पुन्हा लख्ख. ते जिन्यातून वर गेले आणि मेहुणीकडे कापडावर खुणा करायच्या खडूची पूड मागितली.

"आता काय बोक्याला सूट शिवताय?"

"वाटीभोवती टाकायचीय. पाय उमटतील."

मेहुणीने शिलाई थांबवली. सुई दातांत धरून तिने क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं, मग पुडी उचलली आणि स्वतःच खाली आली. म्हणाली, "शिवण कुठे पळतेय?"

वाटी मागच्या खोलीत, झरोक्याखाली असायची. फरशीवर निळसर पूड पातळ पसरली, वाटीत दाणे टाकले, आणि दोघं पुढच्या खोलीत दार किलकिलं ठेवून स्टुलांवर बसले.

"चोर-शिपाई खेळतोय आपण," मेहुणी कुजबुजली. "ह्या वयात."

"तोंड बंद ठेव, शिपायाची बायको."

"मी शिपाई. तुम्ही चोर. कंबर बघा, कुठल्याही गजातून जाल."

अकराच्या सुमाराला मुकादम उठला. सावकाश वाटीशी गेला. वास घेतला. एक दाणा तोंडात घेतला, मान एका बाजूला तिरकी केली, जबडा विचित्र हलवला, आणि दाणा खाली पडला. त्याने दुसरा उचलला. तोही पडला. मग तो वाटीपासून वीतभर मागे सरकला आणि तसाच वाटीकडे बघत बसला.

"अगं बाई," मेहुणी म्हणाली.

काटेवाल्यांनी हात वर केला. झरोक्यात काहीतरी हललं होतं. एक करडी मांजरी, पोट पाठीला लागलेली, गजातून आत आली आणि पूड तुडवत वाटीपाशी बसली. मुकादमाने गुरगुरायला हवं होतं. ह्या मुकादमाने एकदा पोस्टमनलासुद्धा दारात अडवून ठेवलं होतं. पण तो गप्प बसून राहिला. करडीने कडकड आवाज करत सगळे दाणे संपवले, वाटी चाटून पुसली, मुकादमाच्या नाकाला नाक लावलं आणि आली तशी निघून गेली. फरशीवर निळसर पावलांची एक ओळ झरोक्याकडे गेली.

"म्हणजे हा उपाशी," मेहुणी म्हणाली, "आणि वाटी ती रिकामी करतेय. अहो, किती दिवस चाललंय हे?"

काटेवाले लख्ख वाटीकडे बघत होते. त्यांना एक ताट आठवत होतं.

शेवटच्या वर्षी बायको मागच्या खोलीत, ह्याच कोपऱ्यात खाली बसून जेवायची. म्हणायची, टेबलाशी बसलं की पाठ भरून येते. काटेवाले पुढे काम करायचे, मध्ये येऊन बघायचे. ताट रोज लख्ख. "जेवण जातंय ना?" ते विचारायचे. "बघा की ताट," ती म्हणायची. ताट बघून ते कामाला जायचे. पोटाचं दुखणं कळलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, ह्यांचं खाणं केव्हाच सुटलं असणार. काटेवाले त्यांच्याशी भांडले होते. शक्यच नाही, मी रोज ताट बघत होतो. ते भांडण त्यांच्या मनात चौदा महिने चालूच होतं.

आणि त्याच वर्षी मुकादम पाच किलो दोनशे झाला होता. ती किती हसून सांगायची तो आकडा.

"तुझी ताई जेवत नव्हती," काटेवाले म्हणाले. "सगळं ह्याला घालत होती."

"तुम्हाला काळजी नको म्हणून," मेहुणी म्हणाली. "लहानपणीसुद्धा असंच करायची. पथ्याचं ताट मला द्यायची, आणि आईला रिकामं ताट दाखवायची."

"आकडा माझ्या समोर होता. पारड्यात. मी मांजर मोजत बसलो."

"भाऊजी."

"किती वाजले?"

"सव्वा अकरा."

गल्लीच्या टोकाचा जनावरांचा दवाखाना शनिवारी एकला बंद व्हायचा आणि मग थेट सोमवारी उघडायचा. काटेवाले उठले. मोठा काटा ने-आण करायची लाकडी पेटी त्यांनी खाली ओढली, तिच्यात बायकोची जुनी शाल घातली, आणि पेटी मुकादमापुढे ठेवली. तो वास घेऊन आपणच आत जाऊन बसला.

"आणि तिसरं वजन?" मेहुणीने विचारलं.

"तिथे काटा असेल की."

दवाखान्यात त्यांच्या आधी एक म्हातारं कुत्रं आणि एक चिडका पोपट होता. काटेवाले पेटी मांडीवर घेऊन बसले. मुकादमाने शालीत डोकं खुपसलं होतं. मेहुणी पोपटाकडे बघत म्हणाली, "हा तर तुमच्यासारखाच, एकच वाक्य बोलतो."

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, बाह्या वर सारलेल्या. त्यांनी मुकादमाला टॉवेल पसरलेल्या काट्यावर ठेवलं. "चार किलो शंभर," त्या म्हणाल्या आणि लिहायला लागल्या.

"नाही हो डॉक्टर."

"काय नाही?"

"सकाळी नऊला तीन आठशे ऐंशी होता. अडीच तासांत पाव किलो चढायला त्याने खाल्लंय काय? तुमचं टॉवेल टाकल्यावर शून्य करायचं राहिलंय."

डॉक्टरीणबाईंनी मुकादमाला उचललं. रिकाम्या टॉवेलसकट काटा दोनशे चाळीस दाखवत होता. त्यांनी आकड्याकडे पाहिलं, मग काटेवाल्यांकडे. "बरं झालं बोललात, काका. भुलीचं औषध ह्याच आकड्यावर ठरतं." त्यांनी शून्य केलं आणि परत ठेवलं. तीन किलो आठशे साठ.

"हे तिसरं," काटेवाले मेहुणीला म्हणाले.

तोंड उघडताना मुकादमाने आकांत मांडला. दोघांनी धरून ठेवलं. डाव्या बाजूची मागची दाढ मुळाशी किडली होती, हिरडी पिकली होती. डॉक्टरीणबाईंनी पापणी खाली ओढून बघितली, कानाच्या आतली कातडी बघितली.

"भूक आहे ह्याला, चावता येत नाही. मांजर फार दिवस उपाशी राहिलं की यकृत बिघडतं, तेवढं आपल्याला रक्तात बघावं लागेल. नीट आठवून सांगा काका, किती दिवसांपासून खात नाहीये?"

काटेवाल्यांच्या तोंडापर्यंत उत्तर आलं होतं. वाटी तर रोज रिकामी होती. ते त्यांनी गिळलं.

"मला माहीत नाही," ते म्हणाले. "मी वाटी बघत होतो. त्याला नाही बघितलं."

डॉक्टरीणबाईंनी मान हलवली आणि तसंच लिहून घेतलं. "आज आणलंत ते चांगलं केलंत. सोमवारपर्यंत थांबला असतात तर मी असं बोलले नसते." सलाईन लावलं, इंजेक्शन दिलं, आणि संध्याकाळी फोन करते म्हणाल्या. रक्तात यकृतावर ताण दिसला, पण हाताबाहेर गेलेलं नव्हतं. मुकादम चार दिवस तिथेच राहिला; रविवारी दवाखाना बंद असूनही डॉक्टरीणबाई येऊन त्याला बघून गेल्या. मंगळवारी दाढ काढली, बुधवारी तो घरी आला. पेटीतून उतरला आणि पहिल्यांदा सगळ्या कोपऱ्यांची हजेरी घेतली.

मासा उकडून, कुस्करून, पाण्यात पातळ करून द्यायला सांगितलं होतं. काटेवाल्यांनी कोपऱ्यात वाटी ठेवली आणि शेजारी फरशीवर मांडी घातली. करडी झरोक्यात येऊन बसली होती.

"थांब गं, तुझी वेगळी आहे," ते तिला म्हणाले आणि दुसरी वाटी गजाशी सरकवली.

मुकादमाने वास घेतला. जीभ बाहेर काढली, एकदा चाटलं, मान तिरकी केली. दुखतंय का ह्याचा अंदाज घेत थांबला. मग पुन्हा चाटलं.

मेहुणी दारात आली. हातात झाकलेलं ताट होतं. "अजून इथेच? चला, जेवण गार होतंय. वाटी ठेवलीय ना? मग येऊन बघा, रिकामी झाली की कळेलच."

"नाही कळत," काटेवाले म्हणाले.

मेहुणीने ताट त्यांच्यासमोर ठेवलं, झाकण काढलं, आणि भिंतीला पाठ टेकून खाली बसली.

"तू का बसलीस? शिवण नाही का?"

"शिवण कुठे पळतेय?" ती म्हणाली. "जेवा तुम्ही."

काटेवाल्यांनी पहिला घास घेतला. वाटीतून चाटल्याचा आवाज येत होता, बारीक, थांबून थांबून. ते दोघं ऐकत बसले.