शेकायच्या पिशवीचं अंगडं

मी एरोजेलचा तुकडा बोलतोय. नाव ऐकून केसांना लावायचं काहीतरी वाटलं ना? वाटू दे, सवय झालीय मला.

माझा जन्म दिल्लीजवळच्या मानेसरमधल्या कारखान्यातला. तिथे सिलिकाची जेली करतात आणि तिच्यातला ओलावा असा अलगद काढतात, की ती आक्रसत नाही; आत उरते बहुतेक हवाच. म्हणून माझ्यातून उष्णता जाता जात नाही. हल्ली आम्हाला भलतीच मागणी! गाड्यांच्या बॅटऱ्यांना आम्ही हवे, कारखान्यांतल्या तापलेल्या पाइपांना आम्ही हवे. माझी भावंडं ट्रक भरभरून गेली. मी कापताना उरलेला, म्हणून मागे राहिलो.

मला उचललं मृणालने. ती तिथे इंजिनिअर. तिचे बाबा, सूर्यकांत, लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये एकटेच राहतात. तिची आई गेल्यापासून घरात मराठी बोलायलाही कुणी नाही. त्यात दिल्लीची थंडी. बाबांचे पाय सदा गारठलेले. मृणालने करोल बागेतल्या शिंप्याकडून मला जाड कापडात शिवून घेतलं आणि त्यांच्या शेकायच्या पिशवीला अंगडं केलं.

"बाबा, आता पाणी सकाळपर्यंत गरम राहील."

"अरे वा! बिल्कुल फर्स्ट क्लास," बाबा म्हणाले आणि माझ्यावरून कौतुकाने हात फिरवला. तेवढ्यात ऑफिसचा फोन आला, तशी अर्धा चहा टाकून ती निघाली.

बाबांनी मला पायाशी घेतलं. मी माझं काम चोख केलं, आणि तिथेच घोळ झाला. पिशवीतली ऊब मी बाहेर येऊच दिली नाही. आत पाणी कढत, बाहेर पाय बर्फ! एवढी शिकलेली पोर, तिला हे कसं सुचलं नाही? सुचलं असतं हो, घटकाभर बाबांजवळ बसली असती तर.

बाबांच्या लक्षात आलं. पण लेकीने हौसेने आणलेलं अंगडं काढून ठेवायला त्यांचा जीव होईना.

"पाय नीट शेकले जातात ना?" ती फोनवर विचारते.

"एकदम! तू काळजी करू नकोस यार."

फोन ठेवतात आणि मोज्यांवर मोजे चढवतात. मला अगदी कानकोंडं होतं.

संक्रांतीला ती येणार होती. बाबांनी स्वतः तिळाच्या वड्या थापल्या, थोड्या करपल्याच. दुपारी तिचा फोन आला. मोठी ऑर्डर आलीय, माल आजच पाठवायचाय.

"चलो, कोई बात नहीं. काम आधी," बाबा म्हणाले. मग वड्यांवर ताटली झाकून बराच वेळ खिडकीशी बसून राहिले. आम्ही सगळ्या जगाला हवे झालो, आणि त्यापायी या घरात यायला कुणाला सवड उरली नाही. मला फार एकटं वाटलं, आणि त्यांच्याकडे बघून तर जास्तच.

अजून ते रोज पिशवी भरतात, मला चढवतात आणि पायाशी घेतात. मृणाल, माझा आवाज तुझ्यापर्यंत पोचला असता तर एवढंच सांगितलं असतं. पोरी, फोनवर विचारू नकोस, ते खरं सांगणार नाहीत. ये, मला काढून फेक आणि त्यांच्या पायांना एकदा हात लावून बघ.