बोटीवरचं भाषांतर

वडगाव रासाईच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर साहेबराव आबांचा विमानतळावरचा फोटो आला, तेव्हा रश्मी ॲमस्टरडॅममधल्या आपल्या खोलीत भांडी घासत होती. शिरूर-दौंडच्या शेतकऱ्यांचा अभ्यासदौरा निघाला होता. ग्रीनहाऊस बघायची, आणि शेवटचा दिवस शहर फिरायला मोकळा. तिनं हात पुसून आबांना लिहिलं, "त्या दिवशी मी सुट्टी काढते. शहर मी दाखवीन."

काही वर्षांपूर्वी तिच्या आईला, तुळजाबाईला, उसात घोणस चावली होती. वस्तीचा रस्ता आबांच्या शेतातून जायचा. बांधाच्या वादातून त्याच आठवड्यात त्यांनी जेसीबीनं रस्त्यात आडवा चर मारला होता. ॲम्ब्युलन्स पलीकडंच अडकली. चर बुजवायला वडलांनी आबांचा ट्रॅक्टर मागितला, पाया पडले. आबा ओट्यावरून उठलेसुद्धा नाहीत. "आधी मोजणी होऊ द्या," म्हणाले. आईला बाजेवर घालून चिखलातून न्यावं लागलं. शिरूर यायच्या आधीच ती गेली. आबा पीककर्ज देणाऱ्या सोसायटीचे चेअरमन. गावात कुणी ब्र काढला नाही.

आणि आता, दौऱ्याच्या शेवटच्या दिवशी, आबांनी ॲमस्टरडॅमच्या स्टेशनबाहेर सगळ्यांदेखत तिच्या डोक्यावर हात ठेवला. "आपल्या गावची पोर! बघा, कुठं पोचली!"

रश्मी हसली. तिनं फुलांचा बाजार दाखवला, वाकडी घरं दाखवली, पुलावर आबांचे फोटोही काढले. दुपारी सगळ्यांना कालव्यातल्या बोटीत बसवलं. बोटवाला इंग्रजीत माहिती सांगणार आणि ती माईकवर मराठीत.

पहिल्या दोन इमारती तिनं नीट सांगितल्या. बोट मधोमध आली. बोटवाल्यानं एक चर्च दाखवलं. रश्मीनं तिकडंच हात केला.

"माझ्या आईला घोणस चावली हुती, आन् या साहेबराव आबांनी आमच्या रस्त्यात चर मारून ठेवला हुता."

आबा ताडकन उठले. "ए पोरी, काय बोलती?"

"खाली बसा आबा. बोट हलती."

बोटवाला घरं दाखवत राहिला, ती सांगत राहिली. ट्रॅक्टर, मोजणी, बाज. आवाज एकदाही चढला नाही.

"थांबव रं बोट!" आबा ओरडले.

काय म्हणतात, असं बोटवाल्यानं विचारलं. "त्यांना फार आवडलंय," रश्मीनं इंग्रजीत सांगितलं. "सावकाश घ्या."

कवठे येमाईचे संपतअण्णा आबांच्या शेजारी बसले होते. "साहेबराव, खरं हाय का हे?"

"बांधाची केस चालू हाय."

"केस न्हाई इचारली म्या. बाई गेली का?"

आबा पाण्याकडं बघत राहिले. अण्णा उठून पुढच्या बाकावर जाऊन बसले. मग दुसरा एक जण उठला.

बोटीतून उतरल्यावर आबा कुणाशी न बोलता टॅक्सी करून हॉटेलवर गेले. अण्णा रश्मीजवळ आले.

"वाईट झालं, पोरी. पर परमुलखात माणसाची अशी अब्रू काढू न्हाई."

"गावात काढली असती तर ऐकलं असतं का कुणी, अण्णा?"

अण्णांनी टोपी सारखी केली आणि बाकीच्यांमागून चालू लागले.

हे सगळं झाल्यावर आपल्याला रडू येईल, असं तिला वाटलं होतं. पण पोटात नुसती भूक उसळली होती. कोपऱ्यावरच्या टपरीवरून तिनं मोठा कागदी द्रोण भरून गरम तळलेले बटाटे घेतले आणि तिथंच उभ्यानं, बोटं चाटत, सगळे संपवले.